पासवर्ड न विचारताच उघडणारे टेलिफोन एक्स्चेंज

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

२०२५ साली हरतालिका २६ ऑगस्टला आणि गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती. आपल्याकडची बहुतेक कार्यालये, पतसंस्था आणि शाळा त्या आठवड्यात बंद होत्या किंवा निम्म्या माणसांवर चालू होत्या. नेमक्या हरतालिकेच्या दिवशी, संस्थेचे अंतर्गत आणि बाहेरचे फोन जोडणाऱ्या टेलिफोन एक्स्चेंजच्या फ्रीपीबीएक्स या सॉफ्टवेअरची देखभाल करणाऱ्या सँगोमा या कंपनीने जगभरच्या वापरकर्त्यांना इशारा दिला की, ज्यांचे ॲडमिन पेज, म्हणजे एक्स्चेंजचा कारभार चालवण्याचे पान, इंटरनेटवरून उघडते त्यांनी ते ताबडतोब बंद करावे, कारण पासवर्ड न देता आत शिरण्याची वाट कोणाला तरी सापडली आहे आणि तिचा वापरही सुरू झालेला आहे. हा वापर निदान २१ ऑगस्टपासून चालू होता, म्हणजे इशारा येण्याच्या आधी पाच दिवस ही एक्स्चेंजे उघडी पडलेली होती आणि त्यांच्या मालकांना त्याचा पत्ताही नव्हता. पक्की दुरुस्ती २८ तारखेला आली, आणि २९ तारखेला अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे सिसाने, हा दोष प्रत्यक्ष वापरात असलेल्या दोषांच्या यादीत घातला. त्याचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०२५-५७८१९ असा आहे आणि तीव्रतेच्या मोजपट्टीवर त्याला १० पैकी १० गुण दिलेले आहेत.

मी सांगली-कोल्हापूर भागात गेली बावीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंज बसवण्याचे आणि सांभाळण्याचे काम करतो. चतुर्थीला घरची प्राणप्रतिष्ठा आटोपल्यावर मी ग्राहकांची यादी समोर घेऊन बसलो आणि माझ्या मोबाइलच्या इंटरनेटवरून एकेकाचे पेज उघडते का ते पाहू लागलो. पाच वर्षांपूर्वी बसलेल्या एका फटक्यानंतर माझ्या हातची सगळी पेजे मी बंद करून टाकली होती, तरी दोन उघडी निघाली. दोन्ही दुसऱ्या कोणी बसवलेली होती आणि अलीकडेच माझ्याकडे देखभालीला आली होती. आपल्या दैनिकात सायबर फसवणुकीविषयी सातत्याने लिहिले जाते आणि त्याचा लोकांना उपयोगही होतो, परंतु ते बहुतेक ओटीपी, खोट्या लिंक आणि सोपे पासवर्ड यांविषयी असते. रुग्णालयाच्या किंवा बँकेच्या एखाद्या कोपऱ्यात चालू असलेल्या टेलिफोन सर्व्हरचा विचार कोणाच्या मनात येत नाही, आणि पासवर्ड कितीही चांगला ठेवला तरी भागत नाही असे दोषही असतात, हे तर फारच थोड्यांना माहीत असते. या पत्राचा विषय तोच आहे.

पूर्वी ईपीएबीएक्स, म्हणजे संस्थेचे स्वतःचे टेलिफोन एक्स्चेंज, हा भिंतीवर टांगलेला लोखंडी डबा असे. आत कार्डे, शेजारी वायरी जोडण्याच्या क्रोनच्या पट्ट्या, खाली बॅटरी आणि दारावर वायरमनने पेन्सिलीने लिहिलेली एक्स्टेंशनची यादी. त्यात काही बदलायचे तर माणसाला इमारतीत यावे लागे. आता त्या जागी एक साधा संगणक असतो. त्यावर लिनक्स ही संगणक चालवणारी मूळ प्रणाली, लिनक्सवर प्रत्यक्ष कॉल जोडणारे ॲस्टरिस्क, जे मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये अमेरिकेत लिहायला घेतले, आणि त्याच्यावर फ्रीपीबीएक्ससारखे सॉफ्टवेअर, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारी पाने, ज्यांतून एक्स्टेंशन, बाहेरच्या लाइन, रेकॉर्डिंग आणि ‘मराठीसाठी एक दाबा’ हे सगळे ठरवता येते. या सॉफ्टवेअरला परवाना शुल्क नसते आणि पाच एक्स्टेंशनची पन्नास करायला नवे कार्ड घ्यावे लागत नाही, त्यामुळे छोट्या संस्थांनी ही यंत्रणा आपलीशी केली आणि ते योग्यच झाले. मीही ती मनापासून बसवतो.

गडबड होते ती एका सोयीपायी. ग्राहक तालुक्याच्या गावी आणि तंत्रज्ञ चाळीस किलोमीटर दूर, त्यामुळे एखाद्या बाईंचे टेबल बदलले म्हणून एक्स्टेंशन हलवायला प्रत्येक वेळी गाडी काढणे परवडत नाही. मग राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केला जातो, म्हणजे बाहेरून थेट सर्व्हरपर्यंत येण्याची वाट उघडली जाते, आणि ॲडमिन पेज जगाला दिसू लागते. पासवर्ड चांगला दिला की काळजी मिटली, असे आम्ही सगळेच समजत होतो.

ऑगस्ट २०२५ च्या दोषात तो पासवर्ड विचारलाच जात नव्हता. टेबलावरच्या फोनची मांडणी एका जागेवरून करण्यासाठी फ्रीपीबीएक्समध्ये एंडपॉइंट नावाचा एक जादा भाग असतो. या भागाच्या एका फाइलपर्यंत लॉगिन न करताच पोहोचता येत होते आणि तिथे बाहेरून आलेला मजकूर न तपासता थेट डेटाबेसच्या आज्ञेत मिसळला जात होता. म्हणजे परका माणूस डेटाबेसमध्ये स्वतःच्या नावाची ॲडमिनची ओळ लिहू शकत होता, ठराविक वेळी आपोआप चालणारे एखादे काम नोंदवू शकत होता, आणि त्या वाटेने शेवटी संपूर्ण सर्व्हर ताब्यात घेऊ शकत होता. खऱ्या ॲडमिनचा पासवर्ड सोळा अक्षरांचा आहे की चार, याचा त्यात कोठेच संबंध येत नाही. ‘फुकटचे सॉफ्टवेअर, म्हणून कच्चे’ असा शेरा मी त्या दिवसांत अनेकांकडून ऐकला, म्हणून येथे मुद्दाम नोंदवतो की हा एंडपॉइंट भाग व्यापारी स्वरूपाचा, विकत मिळणारा आहे.

त्याआधी, नोव्हेंबर २०१९ मध्ये याच सॉफ्टवेअरमध्ये असाच एक दोष जाहीर झाला होता, सीव्हीई-२०१९-१९००६. त्याची घडण समजून घेण्याजोगी आहे. लॉगिनच्या वेळी हे सॉफ्टवेअर आधी आलेल्याचे नाव आत नोंदवून घेत असे, मग पासवर्ड तपासत असे आणि तो चुकीचा निघाला तर नोंदवलेले नाव पुसून टाकत असे. सोसायटीच्या फाटकावर रखवालदाराने नाव आधी वहीत चढवावे, ओळखपत्र मागाहून पाहावे आणि खोटे निघाले तर नाव खोडावे, तसा हा क्रम. आता पासवर्ड साध्या शब्दाच्या रूपात न पाठवता यादीच्या रूपात पाठवला, तर तपासणीचे काम मध्येच कोलमडत असे आणि पुढचे पुसणे होतच नसे. नाव वहीत राही, आणि ते ‘ॲडमिन’ असे दिले असेल तर येणारा थेट मालक होऊन आत वावरे. २०२० च्या नोव्हेंबरात चेक पॉइंट या सुरक्षा संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार आधीच्या बारा महिन्यांत सुमारे १,२०० संस्थांच्या टेलिफोन सर्व्हरवर या मार्गाने हल्ले झाले होते, आणि त्यांत ब्रिटनमधल्या संस्था सर्वाधिक होत्या. तोवर दुरुस्ती येऊन वर्ष होत आले होते.

आणखी मागे गेले तर मार्च २००८ मध्ये ॲस्टरिस्कमध्येच असा दोष सापडला होता. इंटरनेटवरून येणाऱ्या प्रत्येक कॉलबरोबर ‘कोणाकडून’ हे सांगणारी एक ओळ येते. ती ओळ विशिष्ट प्रकारे बिघडवून पाठवली तर सर्व्हर ओळख न विचारता तो कॉल आत घेत असे आणि अनोळखी पाहुण्यांसाठी ठरवलेल्या विभागात नेऊन सोडत असे. मला या प्रकरणातली एक गोष्ट आजही फार महत्त्वाची वाटते. ज्यांच्या त्या विभागातून बाहेरची लाइन मिळत होती, त्यांच्या खर्चाने परका माणूस हवे तिथे फोन करू शकत होता. ज्यांनी तो विभाग रिकामा ठेवला होता किंवा त्यात फक्त ‘आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही’ एवढे ऐकवण्याची सोय केली होती, त्यांच्याकडे तोच दोष असूनही चोराच्या हाती काही लागत नव्हते. सॉफ्टवेअर एकच आणि दोषही एकच, पण कुलूप निकामी झाल्यावर आत काय सापडेल हे ज्याने आधी ठरवून ठेवले होते त्याचे नुकसान टळले.

हे शहाणपण मला २००८ मध्ये आले असते तर पुढचा प्रसंग टळला असता. सप्टेंबर २०२० मध्ये, करोनाची पहिली लाट आमच्या जिल्ह्यात ऐन भरात असताना, तालुक्याच्या गावच्या एका खासगी रुग्णालयातून पहाटे पावणेसहाला मला फोन आला. मोबाइलवरून. रिसेप्शनच्या बाई म्हणाल्या, “दादा, रात्रीपासून एकही फोन लागत नाही आणि येतही नाही. नातेवाईक दारात येऊन भांडतायत की आम्ही फोन उचलत नाही.” रुग्णालयाकडे एक पीआरआय लाइन होती, तीस चॅनेलची, म्हणजे येणारे आणि जाणारे मिळून एका वेळी जास्तीत जास्त तीस कॉल. मी पोहोचलो तेव्हा तीसही चॅनेल भरलेली होती. कॉल रेकॉर्ड उघडले तर रात्री एक वाजून चाळीस मिनिटांपासून एकामागून एक परदेशी क्रमांक, प्रत्येक कॉल काही मिनिटांचा, एक तुटला की त्याच क्षणी दुसरा. ते कॉल ज्या एक्स्टेंशनवरून जात होते ते मी कधी तयार केलेच नव्हते. परदेशी कॉलची सोय त्या लाइनवर चालू होती, कारण थोरल्या डॉक्टरांचा मुलगा परदेशात शिकत होता आणि त्याच्याशी बोलायला आयएसडी एकदा चालू करून घेतलेले होते. नंतर सगळे बोलणे मोबाइलवरून होऊ लागले, पण आयएसडी तसेच राहिले.

पासवर्ड कोणी फोडला असेल म्हणून मी लॉगिनच्या नोंदी पाहिल्या. चुकीच्या पासवर्डची एकही नोंद नव्हती. सात-आठ वेळा चुकले की त्या पत्त्याला बाहेर ठेवणारी सोय मी लावून ठेवली होती आणि ती चालूही होती, पण कोणी चुकलेच नाही तर ती काय करणार? पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी डॉक्टरांच्या कपाटात, पाकीट बंद असलेल्या अवस्थेत सापडली. तिला कोणी हातही लावलेला नव्हता. सर्व्हरवरची आवृत्ती जुनी होती, तिच्यातल्या दोषाची दुरुस्ती कित्येक महिन्यांपूर्वी आलेली होती आणि ती मी बसवलेली नव्हती. चूक माझी होती. बिलाचा आकडा रुग्णालयाच्या वर्षभराच्या टेलिफोन खर्चाच्या वर गेला. तो हप्त्याहप्त्याने फेडता आला. त्या रात्री खाट मिळेल का, ऑक्सिजन आहे का हे विचारायला ज्यांनी फोन लावला आणि ज्यांना चार तास फक्त व्यस्त असल्याचा सूर ऐकू आला, त्यांचे काय झाले असेल, हा विचार मात्र माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

या चोरीत पैसा कसा मिळतो, असे मला अनेकजण विचारतात. काही परदेशी क्रमांकांवर फोन केला तर मिनिटाला जबर दर पडतो आणि त्या दरातला एक हिस्सा तो क्रमांक भाड्याने घेणाऱ्याला मिळतो. चोर असे क्रमांक आधी घेऊन ठेवतो आणि मग दुसऱ्याच्या एक्स्चेंजमधून रात्रभर त्यांवर फोन लावत राहतो. पलीकडे कोणी बोलत नसते, केवळ मिनिटे मोजली जातात. तो रात्र आणि सुट्टी निवडतो, कारण तेव्हा एक्स्चेंजकडे कोणी पाहत नाही. बिल येते तेव्हा कंपन्यांमधला हिशेब पुढे गेलेला असतो, आणि कॉल ग्राहकाच्या लाइनवरूनच झाल्यामुळे तो ग्राहकाच्याच माथी बसतो.

पैशापलीकडचाही एक भाग आहे. या सर्व्हरवर कॉलची रेकॉर्डिंग आणि व्हॉइसमेल साठवलेले असतात. रुग्णालयात डॉक्टर आणि रुग्ण यांचे बोलणे, पतसंस्थेत थकबाकीदाराशी झालेले बोलणे, शाळेत पालकाने मुलाविषयी सांगितलेली अडचण हे सगळे एका फोल्डरमध्ये असते, आणि ॲडमिन झालेला परका माणूस ते ऐकू शकतो. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा अशी माहिती बाळगणाऱ्यावर तिच्या सुरक्षेची जबाबदारी टाकतो आणि त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो. सर्ट-इनच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या, २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे संगणक यंत्रणेत अनधिकृत प्रवेश झाल्याचे लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवणे आणि १८० दिवसांच्या नोंदी जपून ठेवणे बंधनकारक आहे. मी ज्या संस्थांत जातो तिथे हे माहीत असलेला माणूस मला क्वचितच भेटतो. टेलिफोन सर्व्हर हाही संगणकच आहे, हे तर बहुतेकांच्या गावीही नसते, कारण त्याचे बिल ‘टेलिफोन’ या खात्यात पडते आणि संगणक पाहणारा मुलगा त्याला हात लावत नाही.

म्हणून माझे पहिले म्हणणे संस्थाचालकांपाशी आहे. आपल्या एक्स्चेंजचा एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा, कागद काढून एकदा वाचावा. माझ्याही जुन्या कागदांत लिहिलेले असे: वर्षातून चार भेटी, यंत्राची साफसफाई, बॅटरीची तपासणी, वायरिंगची दुरुस्ती. लोखंडी डब्याला हे पुरेसे होते. त्यात आता सुरक्षेचे अपडेट आल्यावर किती दिवसांत बसवायचे, बॅकअप कोठे आणि किती जुना ठेवायचा, आणि ॲडमिन पेज बाहेरून बंद असल्याची खात्री कोणी करायची, हे शब्दांत यायला हवे. ते आले की तंत्रज्ञ त्याचे पैसे मागेल. ते द्यावेत, कारण ते काम प्रत्यक्ष करावे लागते आणि बहुधा रात्री, फोन बंद ठेवून करावे लागते. दुरून काम करायचेच असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे फक्त ओळखीच्यांनाच उघडणाऱ्या बंदिस्त जोडणीतून, यावे. त्यासाठी लागणारी सोय आजकालच्या बऱ्याच राउटरमध्ये असते आणि ती लावायला अर्धा दिवस पुरतो.

दुसरे म्हणणे शासकीय खरेदी करणाऱ्यांपाशी आहे. नगरपालिका, जिल्हा परिषदा आणि शासकीय रुग्णालये यांच्या निविदांत एक्स्टेंशनची संख्या असते, फोनचा रंगसुद्धा असतो, पण सॉफ्टवेअर किती वर्षे अपडेट केले जाईल याविषयी मी आजवर भरलेल्या एकाही निविदेत ओळ नव्हती. सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम मिळते, तो यंत्र बसवून निघून जातो, आणि पाच वर्षांनी ते जसेच्या तसे, बसवले त्या दिवसाच्या आवृत्तीवर चालू असते. दरपत्रकात देखभालीचा दर वेगळा मागवला तर हे लगेच सुधारेल.

तिसरे दूरसंचार कंपन्यांविषयी. परदेशी कॉलची सोय ग्राहकाने लेखी मागितल्याशिवाय चालू असू नये, आणि मागितली तरी तिला दिवसाची रकमेची मर्यादा असावी. मोबाइलचा डेटा निम्मा संपला की संदेश येतो, मग एका रुग्णालयाच्या लाइनवरून रात्री दोन वाजता तीस चॅनेल एकाच वेळी परदेशाकडे लागल्यावर कोणालाच एकही संदेश का जाऊ नये?

शेवटी, ज्यांच्याकडे फ्रीपीबीएक्स आहे आणि ज्यांचे पेज ऑगस्ट २०२५ मध्ये इंटरनेटवर उघडे होते, त्यांनी केवळ अपडेट बसवून थांबू नये, कारण अपडेटने दार बंद होते, पण आधी आत शिरलेला माणूस बाहेर पडत नाही. एंडपॉइंट भागाची आवृत्ती १५ च्या मालिकेत १५.०.६६, १६ मध्ये १६.०.८९ आणि १७ मध्ये १७.०.३ किंवा त्यापुढची असायला हवी. त्यानंतर आपल्या तंत्रज्ञाला बसवून चार-पाच गोष्टी पाहून घ्याव्यात: फ्रीपीबीएक्सची मुख्य कॉन्फिगरेशन फाइल नाहीशी झाली आहे किंवा बदलली आहे का, वेबच्या फोल्डरमध्ये ‘क्लीन’ नावाची लपवलेली स्क्रिप्ट आहे का, वेब सर्व्हरच्या नोंदींत २१ ऑगस्टपासून ‘मॉड्युलर’ नावाच्या पीएचपी पानाकडे बाहेरून काही पाठवलेले दिसते का, ९९९८ या एक्स्टेंशनला कॉल लागलेले आहेत का, आणि ॲडमिनच्या यादीत आपण न केलेले नाव आहे का. यांतले एक जरी आढळले तरी साफसफाईच्या भानगडीत न पडता सर्व्हर नव्याने उभारावा, २१ ऑगस्टच्या आधीचा बॅकअप त्यावर चढवावा आणि एक्स्टेंशन, लाइन, व्हॉइसमेल यांसकट सगळे पासवर्ड बदलावेत.

चतुर्थीला मला जी दोन पेजे उघडी सापडली, त्यांतल्या एका ठिकाणी यादीत एक अनोळखी नाव होते. ती एक शाळा होती. मुख्याध्यापकांना मी सुट्टीच्या दिवशी बोलावून घेतले, इंटरनेटची वायर त्यांच्यासमोर काढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सर्व्हर नव्याने उभा केला. सुदैवाने जून महिन्याचा बॅकअप कार्यालयातल्या पेन ड्राइव्हमध्ये होता. शाळेच्या लेखनिक बाईंनी तो स्वतःहून, कोणी न सांगता घेऊन ठेवला होता.

आपला विश्वासू,
टेलिफोन यंत्रणेचे काम करणारा एक तंत्रज्ञ, सांगली